पंखा बसवला, पण तो फिरतो का?

मागच्या महिन्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. परदेशाचा फोन अशा वेळी आला की काळजात धस्स होते. आमच्या आपांचा थोरला मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे. त्याचाच फोन होता.

"मामू, अब्बा झोपले का?"

आपा आणि दुल्हेभाई सोलापुरात नई जिंदगी भागात आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहतात. आम्ही म्हणालो, "झोपले असतील. काय झाले?"

"अम्मीला एवढ्यात काही सांगू नका. आधी तुमच्याशी बोलायचे आहे."

मग त्याने जे सांगितले ते आम्हाला निम्मेच समजले. त्याच्या घराला तळघर आहे. तिकडे बहुतेक घरांना असते. गेल्या हिवाळ्यात आपा आणि दुल्हेभाई त्याच्याकडे चार महिने राहून आले, तेव्हा त्याने तळघरातच त्यांच्यासाठी एक चांगली खोली तयार केली होती. जिना चढायला नको, जवळ बाथरूम, उबदार गादी, नमाजला शांत जागा. त्याच तळघराच्या एका कोपऱ्यात जमिनीतून वर जाणारी पांढरी नळी आहे. तिच्यावर एक छोटी काचेसारखी वाकडी नळी लावलेली असून तिच्यात लाल पाणी असते. एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसले की सर्व ठीक. दोन्ही बाजूंना सारखे दिसले तर यंत्र बंद.

"मामू, फळी ठोकताना सहज नजर गेली. पाणी दोन्ही बाजूंना सारखे आहे. कधीपासून आहे ते मला माहीत नाही. अब्बा चार महिने तिथे झोपले."

आम्ही विचारले, "पण ते यंत्र आहे कशासाठी?"

"रेडॉनसाठी," तो म्हणाला.

ही रेडॉनची गोष्ट आम्ही नंतर नीट समजून घेतली. वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली, जावई, भाचे आता अमेरिका, कॅनडा, इंग्लंड अशा थंड देशांत घरे घेत आहेत, आणि आई-वडील त्यांच्याकडे महिनोन्महिने राहायला जात आहेत. म्हणून ती इथे सांगतो. तिच्यातून आमच्या स्वतःच्या सोलापूरच्या घराविषयी जे कळले, ते त्याहून महत्त्वाचे आहे. तेही सांगणार आहोत.

जमिनीत आणि खडकांत युरेनियम थोड्याफार प्रमाणात सगळीकडे असते. ते अत्यंत सावकाश झिजत जाते आणि त्या साखळीत रेडियम तयार होते. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो साधारण पावणेचार दिवसांत निम्मा होतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो. पण घराच्या फरशीतील भेगा, नळांच्या भोवतीच्या फटी, तळघराच्या भिंतींचे सांधे यांतून तो आत शिरला आणि खिडक्या बंद असल्या, की साठत जातो. थंडीत घर गरम केलेले असते. गरम हवा वर जाते आणि खालची जमीन जणू चोखली जाते. म्हणून हिवाळ्यात तळघरात रेडॉन जास्त साठतो. श्वासाबरोबर तो आणि त्यापासून तयार होणारे किरणोत्सारी कण फुप्फुसात जातात, कण तिथे चिकटतात आणि त्यांच्या किरणांनी पेशींना इजा होते. हे वर्षानुवर्षे चालले तर फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या सुमारे २१,००० मृत्यूंमागे रेडॉन आहे. धूम्रपानानंतर त्याचाच क्रमांक लागतो.

घरांतल्या रेडॉनकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते आमचा भाचा राहतो त्याच पेनसिल्व्हेनियात. डिसेंबर १९८४ मध्ये तिथल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस दारातून आत-बाहेर करताना किरणोत्साराची सूचना देणारी घंटा वाजू लागली. केंद्रात वीज तयार होणे अजून सुरू व्हायचे होते. मग अंगावर किरणोत्सार आला कुठून? तपासणी करणारे त्यांच्या घरी पोहोचले. तिथे दर लिटर हवेत सुमारे २,७०० पिकोक्युरी इतका रेडॉन सापडला. आज अमेरिकेत ४ पिकोक्युरीला उपाय करा असे सांगितले जाते. म्हणजे तो माणूस कामाच्या ठिकाणाहून घरी काही आणत नव्हता, घरातून कामाच्या ठिकाणी नेत होता. घर दुरुस्त झाल्यावर ते कुटुंब पुन्हा तिथेच राहायला गेले. पेनसिल्व्हेनियातील सुमारे ४० टक्के घरांत रेडॉन या चारच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे त्या राज्याचे पर्यावरण खाते सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आपली मर्यादा दुसऱ्या मापात सांगितली: दर घनमीटर हवेत १०० बेकरेल, आणि ते जमतच नसेल तर ३०० च्या वर नको. अमेरिकेचे ४ पिकोक्युरी म्हणजे १४८ बेकरेल. तुमच्या मुलाच्या घरात कोणते माप लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय आकड्याला घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये.

उपाय तसा साधा आहे. तळघराच्या फरशीला एक भोक पाडतात, त्यात तीन-चार इंच रुंदीची नळी बसवतात, ती घरातून छपराच्या वर नेतात आणि वाटेत एक पंखा लावतात. पंखा फरशीखालची हवा सतत ओढून छपराबाहेर सोडतो. वायू घरात शिरण्याआधीच बाहेर जातो. भेगाही बुजवतात. नीट बसवलेले यंत्र रेडॉन खूप खाली आणते आणि वर्षानुवर्षे खाली ठेवते. यात नळीला काही होत नाही, फरशीखालची खडीही टिकते. झिजणारी वस्तू एकच, पंखा. तो रात्रंदिवस, बाराही महिने फिरतो. पाच वर्षे किंवा त्याहून जास्त तो चालू शकतो, पण कधी तरी थांबतोच. आणि तो थांबला की घरातल्या कुणाला काही कळत नाही. पाण्याची मोटर बंद पडली तर नळाला पाणी येत नाही, फ्रीज बंद पडला तर दूध नासते. इथे काहीच नासत नाही. वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. यंत्र चालू असतानाचे घर आणि बंद असतानाचे घर अगदी एकसारखे दिसते.

म्हणूनच तिथे सांगतात की यंत्र बसवले तरी दर दोन वर्षांनी हवा पुन्हा मोजा. घरात तोडफोड केली, तळघरात नवी खोली काढली, तर पुन्हा मोजा. लाल पाण्याच्या नळीकडे अधूनमधून बघा. ती नळी फक्त पंखा ओढतो आहे की नाही एवढेच सांगते, हवेत रेडॉन किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी मोजणीच करावी लागते.

आमच्या भाच्याने २०१६ मध्ये घर घेतले तेव्हा आधीच्या मालकाने त्याला एक फाइल दिली होती. यंत्र बसवल्यानंतरचा आकडा त्यात होता, चारच्या खूप खाली. दोन वर्षांनी मोजा असेही लिहिले होते. "मामू, मी ती फाइल कपाटात ठेवली आणि मनाला सांगितले की आपल्या घराला यंत्र आहे. नंतर एकदाही मोजले नाही. अब्बांसाठी खोली काढली तेव्हासुद्धा नाही." त्याने आता छोटे मोजणी यंत्र मागवले होते. दोन दिवसांनी त्यावर चारच्या दुपटीहून जास्त आकडा दिसला. मग त्याला राहवले नाही आणि त्याने आम्हाला फोन केला.

त्याची भीती आम्हाला समजत होती. दुल्हेभाई गिरणीत कामाला होते. पस्तीस वर्षे बिडी ओढली, छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी दम भरला तेव्हा सोडली. रेडॉन आणि तंबाखू एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो. त्याच हवेत बिडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसापेक्षा ओढणाऱ्याला होणारा धोका सुमारे पंचवीस पट असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोडलेल्यांचा धोका हळूहळू कमी होतो, पण शून्य होत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. ओळखीच्या एका छातीरोगाच्या डॉक्टरांना आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की रेडॉनचे नुकसान वर्षांच्या हिशेबाने मोजतात. युरोपातल्या अभ्यासांनी जो धोका मोजला तो सुमारे तीस वर्षांच्या सरासरीवर आहे: दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण १६ टक्के वाढतो. चार महिने ही त्यातली लहान रक्कम. घाबरून तपासण्यांच्या मागे लागायची गरज नाही, पण पस्तीस वर्षांची बिडी हा मोठा आकडा आहे, त्यासाठी त्यांना एकदा माझ्याकडे घेऊन या. आणि घरातल्या मुलांसाठी ते यंत्र आधी चालू करा.

ही शेवटची गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती. दुल्हेभाई चार महिन्यांनी परत आले, पण भाच्याची दोन मुले त्याच तळघरात रोज खेळतात.

चार दिवसांनी पुन्हा फोन आला. कारागीर येऊन गेला होता. पंखा वर माळ्यावर आहे आणि त्याचे बटण गाडी ठेवण्याच्या खोलीत भिंतीवर. कारागिराने आधी बटण पाहिले. ते बंद होते. चालू केले तर पंखा घरघरत सुरू झाला. "पंखा जळालाच नव्हता, मामू. कुणीतरी बटण बंद केले होते. आमच्या घरी कुणालाच आठवत नाही."

आम्हाला एक शंका आली, पण ती बोललो नाही. म्हणालो, "आता अब्बांना सांगून टाक. लपवून ठेवायची ही गोष्ट नाही. त्यांच्या तब्येतीशी संबंधित आहे, त्यांना कळायला हवे."

त्या रविवारी आपांच्या घरी मोबाइल मधोमध ठेवून सगळे बसलो. भाच्याने अडखळत सगळे सांगितले. दुल्हेभाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते गाडीच्या खोलीतले पांढरे बटण? ते मीच बंद केले. रात्रंदिवस घूं घूं चालायचे. सगळ्या खोल्या पाहिल्या, वारा कुठेच येत नव्हता. म्हटले पोरगा विसरला असेल, फुकटची वीज जाते."

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आपा एकदम हसल्या आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या माणसाने आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद केला, मुलांना तेच शिकवले, उधळपट्टी गुनाह आहे असे सांगितले, त्याने मुलाच्या घरी तेच केले होते. त्यांची चूक काय? त्यांना कुणी सांगितलेच नव्हते की हा पंखा वाऱ्यासाठी नाही.

भाचा म्हणाला, "अब्बा, चूक माझी आहे. मी तुम्हाला सगळे घर दाखवले. चहा कुठे, औषधे कुठे, किब्ला कुठल्या बाजूला, सगळे. ती नळी दाखवली नाही."

कारागिराने आणखी एक सांगितले होते. पंखा जुना झाला आहे आणि त्याचे बेअरिंग वाजते आहे. तो घूं घूं आवाज म्हणजे त्याच्या म्हातारपणाची खूण होती. भाच्याने पंखाच बदलून घेतला. नवा लावल्यावर दोन दिवसांत आकडा दोनच्या खाली आला. वाजणाऱ्या पंख्याने खरे तर सूचना दिली होती, फक्त ती ऐकणाऱ्याला तिचा अर्थ माहीत नव्हता आणि ज्याला माहीत होता त्याने ऐकली नव्हती.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. इथे रेडॉनची किती काळजी करावी? आपला प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या या दगडात ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियम बरेच कमी असते. आपल्या घरांना सहसा तळघर नसते, आणि वर्षातले आठ-नऊ महिने खिडक्या उघड्या असतात. देशभर घरांत झालेल्या मोजण्यांतही भारताची सरासरी १०० बेकरेलच्या बरीच खाली निघाली आहे. स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटची भीती काही जण घालतात, पण घरातला रेडॉन मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून येतो, ओट्याचा वाटा फारच थोडा असतो. तेव्हा सोलापूरकरांनी रेडॉनसाठी झोप उडवून घ्यायचे कारण नाही.

पण घरातली हवा बिघडवणाऱ्या दुसऱ्या गोष्टी आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी बसवलेल्या सोयीही आहेत, आणि त्या सोयींचे नंतर काय होते, हा प्रश्न अमेरिकेतल्या तळघराइतकाच इथेही आहे.

जुन्या माळवदाच्या घरांत चुलीच्या वर छतात एक झरोका ठेवलेला असे. धूर तिथून जाई, उजेड तिथून येई. पाऊस आला की त्यावर पत्रा किंवा पाटी झाकत आणि पाऊस थांबला की काढत. ते काम घरातल्या कुणा तरी मुलाचे असे आणि त्याला ते पक्के माहीत असे. नंतर वर स्लॅब पडला, झरोका बुजला आणि चूल मात्र काही वर्षे तिथेच राहिली.

चुलीच्या धुरासाठी सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. धुराडे असलेल्या चुली देशभर बसवल्या. २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबला. अशा चुलींचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि मायकेल ग्रीनस्टोन या तीन अर्थतज्ज्ञांनी ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. त्यांनी चूल प्रयोगशाळेत न तपासता स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. पहिल्या वर्षी धूर कमी जात असल्याचे दिसले. पुढच्या वर्षांत फरक उरला नाही. चूल तीच होती. पण धुराडे साफ होत नव्हते, तडे बुजवले जात नव्हते आणि हळूहळू बायका पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या होत्या. प्रयोगशाळेतला आकडा खरा होता आणि घरातलाही खरा होता. मधल्या काळात कुणी देखभाल केली नाही, एवढाच दोन्हींतला फरक.

आपल्या शहरात आणखी एक हवा आहे. हजारो स्त्रिया घरात बसून बिड्या वळतात. आपल्या समाजातल्याही कितीतरी. एकाच खोलीत सूप, तेंदूची पाने, तंबाखू, आणि रात्री त्याच खोलीत मुलांची अंथरुणे. विडी कामगारांच्या संघर्षातून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजारांवर घरे २००६ मध्ये उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या ३०,००० पैकी १५,००० घरांच्या चाव्या कामगारांना मिळाल्या. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या बहिणींना याचे मोल माहीत आहे. पण पक्क्या घराची खिडकीही उघडावी लागते. डास येतात, शेजारी दिसतात, धूळ येते, म्हणून ती बंद राहिली आणि समोरासमोरची दुसरी खिडकी कपाटामागे गेली, तर तंबाखूची धूळ त्याच खोलीत फिरत राहते. उरलेला तंबाखू रात्री झाकणाच्या डब्यात घालून झोपायच्या खोलीबाहेर ठेवणे, सूप अंगणात झटकणे, फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसणे, याला पैसे लागत नाहीत. रोज मात्र करावे लागते.

आणि आता आमच्या घराची गोष्ट. ती सांगायला आम्हाला लाज वाटते, पण न सांगणे योग्य होणार नाही.

आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे. बसवताना मिस्त्रीने सांगितले होते की खरे तर हा बाहेर बसवून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणावा. जागा नाही म्हणून आम्ही आत बसवला. मग त्याने वरच्या झरोक्यात पंखा लावला, दाराच्या खाली जाळी ठेवली आणि बजावले, "पंखा हवा बाहेर फेकेल, जाळीतून ताजी हवा आत येईल. दोन्ही उघडे पाहिजेत." बंद जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण या वायूला वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात, आणि कळेपर्यंत माणसात दाराची कडी काढायचीही ताकद राहत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो.

भाच्याचा दुसरा फोन झाल्यावर आम्ही टॉर्च घेऊन स्टुलावर चढलो. पंख्याची पाती धूळ आणि चिकटाने गच्च होती. बटण दाबले तर तो गुणगुणला, पण फिरला नाही. दाराखालच्या जाळीला आतून पुठ्ठा लावलेला होता. तो कुणी लावला? आम्हीच. तीन हिवाळ्यांपूर्वी अम्मी अंघोळीला बसल्या की पायांना गार हवा लागते म्हणून आम्हीच चिकटपट्टीने तो लावला होता आणि काढायचे राहिले. गेल्या वर्षी धाकटी मुलगी एकदोनदा म्हणाली होती, "अंघोळ केल्यावर डोके दुखते." आम्ही तिला मोबाइल कमी बघ म्हणून रागावलो होतो.

आम्ही दुल्हेभाईंचे बटण हसण्यावारी नेले होते. ते तर पाहुणे होते आणि त्यांना कुणी सांगितले नव्हते. आम्हाला मिस्त्रीने नीट सांगितले होते, घर आमचे होते, आणि पुठ्ठा आमच्याच हातचा होता.

तो गिझर आता आम्ही बाहेर गॅलरीत हलवला. खर्च झाला, पण झालेल्या खर्चाविषयी घरात कुणी एक शब्द काढला नाही. हलवेपर्यंतचे दिवस पाणी स्वयंपाकघरात तापवून नेले.

या सगळ्यातून आमच्या मनात जे राहिले ते वाचकांपुढे ठेवतो. घरात सुरक्षिततेसाठी काही बसवले की आपण एकदा पैसे देतो आणि समजतो की काम झाले. पण जी वस्तू बंद पडल्यावर आवाज करत नाही, तिची आठवण माणसालाच ठेवावी लागते. त्यासाठी तीन गोष्टी पुरतात. ती कशासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे: मुलांना, सुनेला, म्हाताऱ्या सासऱ्यांना, महिनाभर राहायला आलेल्या पाहुण्यालाही. ती बसवल्याची आणि शेवटची तपासल्याची तारीख तिच्यावरच लिहिलेली असावी, कपाटातल्या फाइलमध्ये नव्हे. आणि ती तपासायचे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर असावे. सगळ्यांचे काम कुणाचेच नसते.

ज्यांची मुले थंड मुलुखात आहेत त्यांनी पुढच्या फोनमध्ये एवढे विचारावे: तळघरात नळी आहे का, पाणी एका बाजूला वर आहे का, शेवटचे कधी मोजले? नळीच नसेल तर मोजले आहे का, हे विचारावे. आणि तुम्ही तिथे जाल तेव्हा घर पाहताना कोणते बटण बंद करायचे नाही, हे आधी विचारून घ्यावे.

जे इथेच आहेत त्यांच्यासाठी: गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढायचा बेत या हिवाळ्याआधी करावा. तोपर्यंत आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार उघडे ठेवून हवा जाऊ द्यावी आणि मगच अंघोळीला बसावे. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसली तर तो वापरू नये, कारागिराला बोलवावे. आणि मूल म्हणाले की अंघोळीनंतर डोके दुखते, तर आधी झरोक्याकडे बघावे, मग मुलाला रागवावे.

दुल्हेभाई त्या डॉक्टरांना दाखवून आले. तूर्त काळजीचे काही नाही, अल्हम्दुलिल्लाह. पुढच्या वर्षी ते पुन्हा नातवंडांकडे जाणार आहेत. त्यांनी भाच्याला सांगून त्या पांढऱ्या बटणावर चिठ्ठी लावायला लावली आहे, मराठीत आणि उर्दूत: बंद करू नये. भाचा म्हणाला, "अब्बा, आता तर तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "माझ्यासाठी नाही. माझ्यानंतर तुझे सासरे येतील."

या जुम्म्याला अंघोळीला जाण्याआधी आपणही एकदा वर पाहावे. पंखा फिरतो आहे ना?